फण्यांच्या दामलेताई

कमलताई दामले आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा समोरचा चहा तसाच ठेवून त्यांनी आमच्या टेबलाचा खण ओढून पाहिला. मग आत ढकलला. पुन्हा ओढला. आई बावरली, कारण खणात काय आहे ते तिलाच नीट आठवत नव्हतं. ताईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. खण सरकताना कुठे अडतो आणि शेवटी टेकतो तेव्हा आवाज कसा येतो, एवढंच त्या कान देऊन ऐकत होत्या. "सुतार चांगला मिळाला हो तुम्हाला," त्या आईला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "तू उद्यापासून ये."

मी आयटीआयमधून यंत्रांचे नकाशे काढायला शिकले होते आणि नोकरी नसल्यामुळे घरी होते. रत्नागिरीत नकाशे काढणाऱ्या मुलीला काम कोण देणार, हा प्रश्न घरात रोज निघायचा. ताईंनी माझं एकही ड्रॉइंग पाहिलं नाही. कोणाकडून तरी नाव ऐकलं आणि आल्या. पुढे मी त्यांना विचारलं की असं कसं घेतलंत मला. तर म्हणाल्या, खण ओढताना तुझी आई माझ्याकडे बघत होती आणि तू खणाकडे बघत होतीस.

एशियाडनंतर घरोघर रंगीत टीव्हीची भाषा सुरू झाली होती, त्याच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. ताईंचा कारखाना एमआयडीसीत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, बाहेर काजूचं झाड, आत लांब टेबलं आणि टेबलांपाशी बायका. तिथे आम्ही कनेक्टर करायचो. कशाचे, हे सांगताना मी सुरुवातीला फार गडबडायचे. ताई मात्र भाजीवालीलाही समजावून सांगत. कॉम्प्युटर म्हणजे एक लोखंडी कपाट समज, त्या सांगायच्या. कपाटात पुस्तकं उभी असतात ना, तशी त्यात कार्डं उभी असतात. एकेका कार्डाचं एकेक काम. एखादं कार्ड बिघडलं तर ते ओढून काढायचं आणि दुसरं सरकवायचं, सबंध कपाट मोडायचं नाही. आता कार्ड आत गेलं की त्याची आणि कपाटाची गाठ कुठे पडते? मागच्या भिंतीवर. तिथे ओळीनं बारीक पिना असतात आणि कार्डाला तेवढीच बारीक भोकं. पिन भोकात नीट गेली तर कॉम्प्युटर शहाणा, नाहीतर ठोंब्या. आमच्या बायकांनी त्या पिनांच्या ओळीला नाव ठेवलं होतं फणी, आणि भोकांच्या भागाला घर. फणी आणि घर. पुण्याहून येणारे इंजिनियरसुद्धा संध्याकाळपर्यंत फणी-फणी म्हणू लागत.

ताई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मुंबईत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात त्यांनी पुष्कळ वर्षं काढली होती आणि यजमान इथल्या कॉलेजात शिकवायला आले म्हणून त्या आल्या होत्या. उंचशी नेसलेली सुती साडी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि फाटकापासूनच हाका मारत येणारी लूना. गाडी लावायच्या आत त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे, त्यामुळे पहिलं वाक्य आमच्यापैकी कोणालाच कधी ऐकू आलं नाही. सकाळी अंघोळ करताना त्यांना काही सुचलेलं असायचं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना डबा ठेवायचंही भान नसे.

जगातली प्रत्येक गोष्ट त्या एकच कसोटी लावून तपासत. ती जागेवर बसते का? बँकेत गेल्या की मॅनेजरच्या पेनाचं टोपण काढून घालून बघत. लग्नात जेवायला बसण्याआधी मांडववाल्याच्या वायरींपाशी वाकलेल्या दिसत. एकदा डॉक्टरकडे तपासून घ्यायला गेल्या आणि त्याच्या स्टेथॉस्कोपची नळी सैल आहे हे सांगून आल्या. स्वतःच्या खोकल्याचं सांगायचं राहिलं. बसलेली गोष्ट दिसली की त्यांचा चेहरा असा उजळायचा की समोरच्याला आपणच काही पराक्रम केल्यासारखं वाटे.

टेबलावरच्या बायका बहुतेक निवळी-हातखंब्याकडच्या गावांतून एसटीनं येत. बऱ्याच जणींचे नवरे मुंबईत गिरणीत होते आणि संपानंतर ते घरी येऊन बसले होते. त्यातल्या सुगंधा घाणेकरीण आमच्या मुख्य. बोलायच्या कमी, पण बोलल्या की सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं. त्यांच्या घरात आता येणारा पगार त्यांचा एकटीचाच होता. ताईंना हे ठाऊक होतं आणि त्या त्याबद्दल कधी बोलत नसत. फक्त एखादी ऑर्डर हातची गेली की दिवसभर सुगंधावहिनींच्या टेबलाकडे जायचं टाळत.

पुण्याला कॉम्प्युटर तयार करणारी एक कंपनी होती. मोठमोठ्या कारखान्यांतल्या यंत्रांवर लक्ष ठेवणारे कॉम्प्युटर ते करत. आमचा बराचसा माल तिकडे जाई. तिथले जोगळेकर म्हणून इंजिनियर, सडपातळ, सावध माणूस. शब्द तोलून बोलायचे. त्यांचे वरिष्ठ म्हणत होते की परदेशी कनेक्टर मागवू, इथल्या घरगुती कारखान्याच्या नादी कशाला लागायचं. जोगळेकरांनी आमच्याकडून माल घेण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली होती, म्हणून ते आणखीच सावध झाले होते.

पहिलं भांडण समुद्रावरून झालं. आमच्या एका मालातल्या पिना काळवंडल्या. जोगळेकरांनी ट्रंककॉल करून सांगितलं की तुमच्याकडची हवा खारी आहे, तुमच्याकडे असला नाजूक माल व्हायचाच नाही. दुसरं कोणी असतं तर त्यानं कारखाना घाटावर हलवायचा विचार केला असता. ताईंनी फोन ठेवला आणि हात चोळत म्हणाल्या, समुद्रच आपला परीक्षक. इथे टिकलं ते कुठेही टिकेल.

दुसऱ्या दिवशी मला लूनावर मागे बसवून त्या राजिवड्याला गेल्या. तिथे झुलेखाबी नावाची बाई मासळी सुकवायची. तिच्या अंगणात काठ्यांवर बोंबील टांगलेले असत. ताईंनी तिला विचारलं की ह्यांच्या शेजारी आमच्याही काही वस्तू टांगशील का. निरनिराळ्या जाडीचा सोन्याचा मुलामा दिलेल्या फण्या होत्या त्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची दोरी. झुलेखाबीनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं की ह्या खायच्या की माळायच्या. पण टांगल्या. एवढंच नाही, तर त्यांची राखण केली. एक फणी कावळ्यानं पळवली तेव्हा तिनं नातवाला माडावर चढवून ती घरट्यातून परत आणवली आणि निरोप पाठवला की तुमचा एक बोंबील जाता जाता राहिला.

पावसाळा धरून ते सगळं तिथे राहिलं. पावसात तिनं त्या पडवीत, ओल्या जाळ्यांच्या शेजारी घेतल्या. दिवाळीच्या सुमाराला ताईंनी भिंगाखाली फण्या पाहिल्या. पातळ मुलाम्याच्या हिरव्या-काळ्या झाल्या होत्या. निळ्या दोरीची मात्र कालच केल्यासारखी. ताई भिंगावरून उठल्याच नाहीत, आम्हा प्रत्येकीला ओढून तिथे वाकायला लावलं, आणि मग झुलेखाबीलाही रिक्षानं आणून दाखवलं. ती फणी पुण्याला गेली. जोगळेकरांचा फोन आला की सगळी मोजमापं उत्तम आहेत, फक्त आमच्या प्रयोगशाळेत एक मांजर येऊन बसायला लागलं आहे, त्याचं काय करू. त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. ताई म्हणाल्या, माणूस खुलला, आता मोठं काम आलंच म्हणून समजा.

आणि आलं. पुण्याच्या कंपनीला असा कॉम्प्युटर करायचा होता की जो कधी बंदच करायचा नाही. एखादं कार्ड बिघडलं तर चालू मशीनमधून ते ओढायचं आणि चालू मशीनमध्येच नवं सरकवायचं. आजवर आधी वीज बंद करूनच कार्डाला हात लावत. चालू असताना लावला तर पिना कशाही क्रमानं जोडल्या जात, वीज भलत्या वाटेनं धावे, आणि कार्डच काय, सगळं कपाट आंधळं होऊन बसे. जोगळेकरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात होतं की होणार नाही, पण विचारून ठेवतो. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. टेबलांमधल्या बोळातून नुसत्या फेऱ्या घालत होत्या.

त्यांना जे सुचलं ते त्यांनी आधी मला नाही, सगळ्यांना एकदम सांगितलं. मिरकरवाड्याला होडी लागते तेव्हा काय करतात, त्यांनी विचारलं. कोणीतरी म्हणालं, दोर टाकतात. मग? दोर बांधला की माणसं उतरतात. आणि होडी सुटताना? आधी माणसं चढतात, दोर सगळ्यात शेवटी सोडतात. झालं तर मग, ताई म्हणाल्या. आपल्या फणीतली अर्थिंगची पिन म्हणजे दोर. ती लांब करायची. कार्ड आत येताना ती सगळ्यांच्या आधी टेकेल, बाहेर जाताना सगळ्यांच्या नंतर सुटेल. तिच्याहून थोडी आखूड वीजपुरवठ्याची. बाकीच्या सगळ्या माणसं, त्या सगळ्यात आखूड.

सुगंधावहिनी हातातली पिन उजेडात धरून बघत होत्या. "म्हंजे ताई, लांबी आपण ठरवायची, आणि कोण आधी, कोण मागाहून, ता तिचा ती सांभाळणार?"

"तिचं ती," ताई म्हणाल्या. "आत वीज चालू असो, कोणी घाईत असो, अंधार असो. कोणाला काही लक्षात ठेवायला नको."

बोर्डावर बसून मी ती फणी काढली. एवढ्या आनंदानं मी दुसरं कुठलंही ड्रॉइंग काढलेलं नाही. ताई मागे उभ्या राहून माझ्या खांद्यावरून बघत आणि रेघ पुरी व्हायच्या आत पुढची सांगत. पिना आल्या, मुंबईहून मुलामा देऊन आल्या, बसवल्या. चाचणीसाठी पुण्याहून आणलेल्या एका जुन्या कपाटात ताईंनी स्वतःच्या हातानं कार्ड घालून-काढून पाहिलं, आणि ते एकदाही अडखळलं नाही.

मग जोगळेकर खरं मशीन घेऊन जीपमधून आले. सकाळी पोचले. अंधार पडायच्या आत कुंभार्ली घाट चढायचा असं त्यांचं ठरलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना उत्तर द्यायचं होतं, इथला माल की बाहेरचा. मशीन भिंतीपाशी जमिनीवर उभं केलं, शेजारच्या टेबलावर पडदा ठेवला. पडद्यावर आकडे पळायला लागले. ताईंनी सगळ्या बायकांना टेबलं सोडून यायला सांगितलं होतं, कारण हे त्यांचं काम, त्यांनीच बघायला हवं. ताई जोगळेकरांना म्हणाल्या की तुम्हीच काढा.

त्यांनी कार्ड ओढलं. आकडे पळतच राहिले. आमच्यात कुजबुज सुरू झाली. मग त्यांनी तेच कार्ड परत सरकवलं, एका हातानं, वरच्या कडेला बोट लावून, आपण कपाटात पुस्तक ढकलतो तसं. पडदा काळा झाला.

जोगळेकरांनी पडद्याच्या वायरी एकदा चाचपून पाहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, हा माणूस आता पुण्याला काय सांगणार ते त्यानं मनात जुळवायला घेतलंय. सुगंधावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मी ताईंकडे बघितलं, तर ताईंचे डोळे चमकत होते.

त्यांनी वीज बंद करायला लावली, बॅटरी घेतली आणि मशीनच्या मागे जमिनीवर चक्क आडव्या झाल्या. पांढरे बूट तेवढे बाहेर. आतून म्हणाल्या की जोगळेकर, मघासारखंच पुन्हा घाला, अगदी हळू, आणि नीट घालायचा प्रयत्न करू नका. त्यांनी घातलं. पुन्हा, त्या म्हणाल्या. पुन्हा. मग उठून बसल्या, केसांना कोळिष्टक लागलेलं.

"मी आजवर दोन्ही हातांनी सरळ घालत आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिरपं घालता. सगळं जग तिरपंच घालणार. वरचं टोक आधी पोचतं आणि माझ्या लांब पिना सगळ्या खाली आहेत. चूक माझी आहे हो, आणि फार सुंदर चूक आहे."

फणीच्या वरच्या टोकाला दोन जागा कामाशिवाय सोडलेल्या होत्या, पुढेमागे लागतील म्हणून. ताईंचं म्हणणं असं की त्या जागी लांब पिना घालू, एक अर्थिंगची, एक पुरवठ्याची. मग कार्ड खालून आधी टेको की वरून, दोर कुठल्या तरी टोकाला पडलेलाच असेल. जोगळेकरांनी घड्याळ बघितलं. मागच्या तारा बदलायला हव्या होत्या, आणि त्यांच्या कार्डावरही वरपर्यंत एक-एक तार डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडावी लागणार होती. कंपनीच्या कार्डाला न विचारता डाग देणं हे त्यांच्या सावध स्वभावाला किती जड गेलं असेल. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि डाग द्यायची इस्त्री मागितली.

इस्त्री तापतेय तोवर वीज गेली. रत्नागिरीत ती दुपारची जायचीच. कोणी तरी हसलं, पण हसू टिकलं नाही, कारण वीज कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी चहाचा स्टोव्ह पेटवायला सांगितला आणि इस्त्रीचं टोक ज्योतीवर धरलं. तिकडे सुगंधावहिनींनी मागच्या बाजूला जुन्या पिना काढून लांब पिना दाबल्या. त्यांच्या शेजारी मी ड्रॉइंग धरून नंबर वाचत होते आणि दुसऱ्या दोघी तारा गुंडाळत होत्या. जोगळेकर स्टोव्हपाशी उकिडवे बसून कार्डावर डाग देत होते, टोक थंड झालं की पुन्हा ज्योतीवर, नाकावर घामाचे थेंब. ताई ह्यांच्याकडून त्यांच्याकडे धावत होत्या. कोणालाच भूक नव्हती. घाट, वरिष्ठ, उशीर, ह्यातलं काही कोणी बोललं नाही. खरं सांगायचं तर मला वीज यायची भीतीच वाटत होती, कारण ती आली की निकाल लागणार.

ती आली तेव्हा आमचं झालेलं होतं. पडद्यावर आकडे पळायला लागले. जोगळेकरांनी कार्ड ओढलं. आकडे चालू. त्यांनी कार्ड तिरपं धरलं, मघापेक्षाही तिरपं, जितकं जाईल तितकं, आणि एका बोटानं ढकललं.

आकडे चालू होते.

त्यांनी पुन्हा काढलं. खालून आधी ढकललं. चालू. पटकन घातलं, अर्ध्यावर थांबवून घातलं, हलवत घातलं. त्या सावध माणसाच्या अंगात जणू वारं शिरलं होतं. मग ताईंनी त्यांना हलकेच बाजूला केलं आणि सुगंधावहिनींना पुढे बोलावलं. वहिनी म्हणाल्या की मी नाय, माझ्या हातान मोडला तर. ताई म्हणाल्या, मोडावं म्हणूनच तर बोलावलंय. वहिनींनी डोळे घट्ट मिटून कार्ड ओढलं, डोळे मिटूनच आत ढकललं, आणि उघडून पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे सगळ्यांची रांग लागली. देवळात घंटा वाजवायला लागते तशी. प्रत्येकीनं एकदा काढलं, एकदा घातलं. माझी पाळी आली तेव्हा कार्ड शेवटी टेकतानाचा तो हलकासा धक्का माझ्या बोटांना लागला, आणि पडद्यावरचे आकडे आपले धावत होते, काहीच न झाल्यासारखे. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी येत होतं.

जोगळेकर त्या दिवशी घाट चढले नाहीत. दामल्यांच्या घरी राहिले, आणि ताईंच्या यजमानांनी मला पुढे सांगितलं की जेवताना दोघंही एकाच वेळी बोलत होते, कोणाचं कोणाला ऐकू आलं असेल देव जाणे. ऑर्डर आमच्याकडे आली. पुढल्या वर्षी शेडला लागून दुसरी शेड झाली आणि निवळीकडून आणखी बायका येऊ लागल्या. सुगंधावहिनी त्यांना पहिल्या दिवशी होडी आणि दोर सांगत, ताईंपेक्षा थोडक्यात.

ताई मात्र त्या यशात फार दिवस रमल्या नाहीत. झालेल्या कामाचं कौतुक कोणी करायला लागलं की त्यांचं लक्ष उडे. दशक संपत आलं तसं पिना आणखी बारीक होणार, एकमेकींजवळ येणार, असं त्यांनी वाचलं होतं, आणि बंगलोरला कोणीतरी तसे साचे करण्याची नवी पद्धत काढली होती. ती डोळ्यांनी बघायची म्हणून त्या मे महिन्यात निघाल्या. खोकला होताच. यजमान नको म्हणत होते. मी आणि सुगंधावहिनी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीतून त्या आम्हाला बारीक पिना वाकू नयेत म्हणून काय करता येईल ते सांगत होत्या, मुद्दा अर्ध्यावर होता, तेवढ्यात कंडक्टरनं घंटा मारली.

बंगलोरहून परतताना मुंबईला मुलाकडे त्या थांबल्या आणि तिथेच आजारी पडल्या. पावसाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. आम्ही त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर ती गाडीच राहिली आहे. गाडी स्टँडमधून वळली आणि वळताना त्यांची खिडकी पुन्हा एकदा आमच्या समोरून गेली. आमचा मुद्दा त्यांनी केव्हाच शेजाऱ्याकडे वळवला होता. तो कोणीतरी शेतकरी माणूस होता, मांडीवर आंब्याची पेटी घेऊन बसलेला. त्यानं ती पेटी पायाशी ठेवून दोन्ही हात मोकळे केले होते आणि ताई सांगतील तशी बोटं पसरून तो त्यांच्याकडे बघत होता.